पडद्याची डावी बाजू

सेलिन टीचरच्या बहिणीचा, आग्नेसबाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. "इरफान, सेलिन गेली रे," एवढंच त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, तो आवाज येत राहिला. बातमी अनपेक्षित नव्हती. शेवटचे तीन आठवडे सेलिन टीचर अंथरुणातून उठल्याच नव्हत्या... तरी फोन ठेवल्यावर काय करावं ते सुचेना. पत्रिकेतली एक वेलांटी दुरुस्त केली, फाइल सेव्ह केली आणि मग शटर ओढलं.

याला आता सात आठवडे झाले. शाळेत शोकसभा झाली, चर्चमध्ये महिन्याचा मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी झाला. त्यांच्या गणिताबद्दल, शिस्तीबद्दल, त्यांनी एकटीच्या जिद्दीवर उभ्या केलेल्या संगणक कक्षाबद्दल सगळे भरभरून बोलले. मलाही बोलायला सांगितलं होतं. चार वाक्यं बोलून मी खाली बसलो. जे सांगायला हवं होतं ते तिथं तोंडातून निघालं नाही. टीचरच्या आठवणींच्या या पुरवणीसाठी 'त्यांच्या संगणकाच्या कामाबद्दल लिहा' असा निरोप आला तेव्हा आधी नाही म्हणालो. मग हो म्हणालो, कारण त्यांच्या संगणकाबद्दल मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणालाच नाही.

मालवणच्या बाजारात माझं टायपिंग आणि छपाईचं छोटं दुकान आहे. बारा वर्षांपूर्वी टीचर तिथं सहामाहीची गणिताची प्रश्नपत्रिका छापायला घेऊन आल्या. पन्नाशी उलटलेली, देवबागहून एसटीनं येणारी, फुलाफुलांचा झगा आणि खांद्याला कापडी पिशवी अशी बाई. माझ्याकडे तेव्हा एक जुना संगणक होता, त्याच्यावर दुसरं काही चालेना म्हणून कुणीतरी लिनक्स ही मोफत प्रणाली घालून दिलेली होती. मॉनिटर मात्र नवा, रुंद. त्यावर सगळंच फाकलेलं दिसायचं. टीचरनी त्यांची प्रश्नपत्रिका पडद्यावर पाहिली आणि भूमितीच्या प्रश्नापाशी बोट ठेवलं. "ह्या वर्तुळ न्हय रे. ह्या अंडा." मी म्हणालो, कागदावर गोल येतं, टीचर. त्या म्हणाल्या, "कागदार येयत. पण तू दिवसभर अंडाच बघतंस मा?"

मला उठवून त्या माझ्या खुर्चीत बसल्या. नव्या मॉनिटरची खरी लांबी-रुंदी संगणकाला कळलेलीच नव्हती. रिझोल्यूशनच्या यादीत जुन्या चौकोनी पडद्याचे आकडे तेवढे होते. टीचरनी मॉनिटरच्या मागचं लेबल वाचलं, पिशवीतून वही काढून त्यावर आकडेमोड केली आणि आदेश लिहायच्या काळ्या खिडकीत दोन ओळी टाइप केल्या. पडदा फटकन काळा झाला. मी ओरडलोच, गेला! "गेला नाय. वायच थांब. जमला नाय तर पंधरा सेकंदान आपणच मागे येयत." पण मागे यायची वेळ आली नाही. पडदा उजळला, अक्षरं बारीक आणि सरळ झाली, वर्तुळ गोल झालं. मी कधी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. त्या दिवसापासून झालो, वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

पुढे टीचर शिकवायच्या त्या मुलींच्या शाळेला कुठल्याशा कार्यालयातून मोडीत निघालेले नऊ संगणक मिळाले. दर शनिवारी दुपारी मी शाळेत जायचो आणि आम्ही दोघं ते एकेक जिवंत करायचो. नऊ संगणकांत पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्स कार्डं सहा प्रकारची. एकाचा पडदा अर्धा काळा राहायचा. पाच शनिवार त्यात गेले. शेवटी टीचरना सापडलं, की कार्ड बनवणाऱ्यांचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आणि लिनक्ससोबत आलेला मोफत ड्रायव्हर दोन्ही एकदमच चालू होत होते. "एका गाडयेक दोन ड्रायव्हर," म्हणून त्या कितीतरी वेळ हसत होत्या. पण त्यांचं एक तत्त्व हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पडदा जरा जरी धूसर असेल तर त्या मुलींना तिथं बसू द्यायच्या नाहीत. मी म्हणायचो, चालेल हो, वाचता येतंय. त्यावर त्या म्हणायच्या, "धूसर बघून पोरग्यांक वाटता, आपणाकच कळणा नाय. पडद्याचो दोष त्यांच्या माथ्यार कित्याक?"

आणखी एक गोष्ट त्यांनी मला शिकवली, ती इथं सांगायला हवी. एकदा माझ्या दुकानात माउसचा बाण डावीकडे गेला की नाहीसा व्हायला लागला. उघडलेल्या खिडक्या हरवायच्या. टीचरनी पाहिलं आणि समजावलं, की ड्रायव्हरला डावीकडे आणखी एक मॉनिटर जोडलेला आहे असं वाटतंय. तो मॉनिटर नाहीच, पण संगणक निम्मं सामान तिकडे नेऊन ठेवतोय. एका ओळीच्या आदेशानं त्यांनी तो खोटा मॉनिटर बंद केला. मी ती ओळ वहीत लिहून घेतली आणि फार मोठं गुपित हाती लागल्यासारखी जपली.

गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, टीचरचा फोन आला. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. देवबागच्या घरी त्या आणि धाकटी बहीण आग्नेसबाई, दोघीच. "इरफान, माझ्या पडद्याची डावी बाजू जाता रे. बाण तिकडे गेलो काय गावणा नाय. ओळीची सुरवात गावणा नाय." मी विचारलं, मधे काही बदललं का? त्या म्हणाल्या, आठवड्यापूर्वी सगळं अपडेट केलंय. झालं! मला काय आनंद झाला ते आज लिहिताना लाज वाटते. इतकी वर्षं मी विचारायचो आणि त्या सांगायच्या. आता त्या विचारत होत्या, आणि उत्तर माझ्या वहीत तयार होतं.

दुसऱ्याच दिवशी देवबागला गेलो. टीचर उठल्या, मी त्यांच्या खुर्चीत बसलो. पडदा मला पूर्ण दिसत होता, कडेपासून कडेपर्यंत. तरी मी तो खोट्या मॉनिटरचा आदेश दिला, अपडेट झालेला ड्रायव्हर काढून जुना घातला. "आता बघा. बरोबर दिसता," मी म्हणालो. टीचर माझ्या मागे उभ्या होत्या. पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू म्हणतंस तर बरोबरच आसतला." मी चहा पिऊन, खूश होऊन घरी आलो.

दहा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा मी गेलो, पुन्हा टीचर उठल्या, मी बसलो, मला सगळं दिसलं. या खेपेला केबल बदलली. तिसऱ्या खेपेला दुकानातला मॉनिटर उचलून नेला. मला दोष दिसत नव्हता म्हणून मी ठरवून टाकलं, की तो अधूनमधून येणारा दोष आहे, ड्रायव्हरचाच. एवढ्यावर थांबलो नाही. तो ड्रायव्हर लिहिणारे लोक जिथं तक्रारी घेतात त्या संकेतस्थळावर टीचरच्या नावानं रीतसर तक्रार नोंदवली. कुठल्या परदेशातल्या एका माणसानं मनापासून उत्तरं दिली, हे करून बघा, ते करून बघा. मी करत राहिलो. त्या तीन खेपांत एकदाही माझ्या मनात आलं नाही, की टीचरना खुर्चीत बसवावं, आपण शेजारी उभं राहावं आणि त्या कुठं बघतात, कुठं चाचपडतात ते पाहावं...

आणि दिसायला बाकी खूप काही होतं. त्यांच्या डाव्या दंडावर काळंनिळं होतं. "दारवट्याक आपटलंय," त्या म्हणाल्या. आग्नेसबाई कुरकुरल्या, की ही हल्ली ताटातला एका बाजूचा भात तसाच ठेवते, वाढलेलं माहीतच नाही म्हणते. मी हसून म्हणालो, वय झालं टीचरचं. वय! चौसष्ट.

तीन महिने असे गेले. एके दिवशी सकाळी, मी दुकान उघडत असतानाच फोन वाजला. टीचरचा आवाज अगदी शांत होता, वर्गात फळ्यापाशी उभ्या असल्यासारखा. "इरफान, काल मी संगणक बंद करून बसलंय. भिंतीवरचा कॅलेंडर बघितलंय. डावीकडचे वार दिसणत नाय. कॅलेंडराक ड्रायव्हर नाय रे." त्या पुढे सांगत होत्या, "एक डोळो झाकून बघितलंय, मगे दुसरो झाकून. दोनीकडे डावीच बाजू नाय. दोन मॉनिटर एकाच बाजून बिघाडणत नाय. दोष मागे आसा." मग म्हणाल्या, "तू माका कुडाळाक डॉक्टराकडे नेशीत?"

कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठीक आहेत म्हणून सांगितलं आणि लगेच गोव्याला पाठवलं. मेंदूच्या उजव्या बाजूला, मागे, गाठ होती; डावीकडचं दिसणं तिथंच सांभाळलं जातं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? आग्नेसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. टीचरनी सरळ उत्तर दिलं, दिवाळीपासून. बाहेर आल्यावर मी एकटा पुन्हा आत गेलो आणि डॉक्टरांना विचारलं, की तीन महिने आधी आलो असतो तर? ते फाइल मिटत म्हणाले, "सांगता येत नाही." ते 'हो' म्हणाले असते तर निदान शिक्षा ठरली असती. 'नाही' म्हणाले असते तर सुटका. त्या तीन शब्दांवर मी अजून टांगलेला आहे.

ऑपरेशन झालं, मग किरणांचे उपचार. गाठ पूर्ण निघाली नाही. गोव्याहून उपचारांनंतर परत आणताना एकदा, बांदा गावाच्या पुढे गाडी थांबवून आम्ही शहाळं प्यायलो, तेव्हा मी धीर करून बोललो. म्हणालो, टीचर, माझा चुकला. वाटलं होतं, त्या 'नाय रे' म्हणतील. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "चुकला खरा. तू तुझ्या डोळ्यांनी बघलंस," त्या म्हणाल्या. मग शहाळ्यातली नळी फिरवत म्हणाल्या, "पण मी तुका पडद्याचा इचारलंय, माझा नाय. उत्तर प्रश्नाचाच गावता. आणि तू 'बरोबर दिसता' म्हणालंस तेव्हा मी गप रवलंय. माका कळत होता काय तरी... भियालंय रे मी." त्या भ्यालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. रिकामी शहाळी विक्रेत्याला परत देऊन आम्ही गाडीत बसलो.

घरी पोचल्यावर त्यांनी एकच काम सांगितलं. "ती तक्रार बंद कर. तो माणूस तिकडे फुकट शोधता आसतलो." मी टाळत राहिलो. काय कारण लिहायचं? चार दिवसांनी पाहिलं तर त्यांनीच, तिरक्या मानेनं पडद्याकडे बघत कसंबसं टाइप करून, ती बंद केली होती. त्यांनी लिहिलं होतं, ड्रायव्हर निर्दोष आहे, दोष माझ्या मेंदूत सापडला, तुमचा वेळ घेतल्याबद्दल माफी असावी. खाली त्या अनोळखी माणसानं लिहिलं होतं, की मला फार वाईट वाटतंय. मी टीचरना ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरो आसा माणूस."

महिन्याच्या मिसानंतर आग्नेसबाईंनी मला घरी बोलावलं. शाळेच्या संगणक कक्षासाठी टीचर शेवटपर्यंत काहीतरी लिहीत होत्या, ते काढून छापून द्यायचं होतं. खोली झाडून ठेवलेली होती, खुर्चीवर धुतलेली चादर घडी करून. मी संगणक लावला. सगळी चिन्हं, सगळ्या खिडक्या पडद्याच्या उजव्या अर्ध्यात आणून ठेवलेल्या होत्या. डावा अर्धा नुसता निळा, रिकामा. फाइल सापडली. चौदा पानं, 'पडदा नीट दिसत नसेल तर'. प्रत्येक पानावर डावीकडे अर्ध्या पानाचा समास सोडलेला, म्हणजे ओळीची सुरुवात त्यांना सापडेल अशा जागी. पहिल्याच पानावर पहिली सूचना होती: 'संगणकाला हात लावण्याआधी, जिला दिसत नाही तिला खुर्चीतच बसू द्या. तिला काय दिसतं ते तिच्याकडून बोटानं दाखवून घ्या. आपल्याला दिसतं म्हणून तिलाही दिसतंय असं समजू नका.' त्याच्या पुढे ड्रायव्हर, रिझोल्यूशन, केबल, सगळं क्रमानं.

दुकानात आणून मी ती पानं छपाईला लावायला बसलो. समास सरळ करणं हे माझं रोजचंच काम, अर्ध्या मिनिटाचं. चौदाची नऊ पानं झाली असती. मी ते केलं नाही.

गेल्या सोमवारी प्रती शाळेत पोचवल्या. संगणक शिकवणाऱ्या नव्या बाईंनी एक प्रत चाळली आणि संकोचून विचारलं, "छान झालीय हो... पण हा समास चुकलाय का? अर्धं पान रिकामंच आहे."

"चुकला नाही," मी म्हणालो. "टीचरना एवढंच दिसत होतं."