चिमण्यांचं भांडं

दर शुक्रवारी मी महापालिकेच्या आरोग्य खात्याकडून घरोघरी साठलेलं पाणी तपासत फिरते. तळमजल्यावरच्या एका आजोबांच्या खिडकीत चिमण्यांसाठी मातीचं पसरट भांडं असतं. मागच्या शुक्रवारी त्यात अळ्या वळवळत होत्या. मी भांडं उचललं तसे आजोबा भडकले, "मुक्या जिवांचं पाणी ओततेस?"

"ओतते आणि भरूनही देते," मी म्हटलं. काथ्याने कडा खसाखसा घासली आणि ताजं पाणी भरलं. शेजारच्या घरातली मुलगी डेंगीने आजारी होती. ऐकून घ्यायला वेळ नव्हता.

डासाची अंडी भारी हट्टी. पाणी ओतलं तरी कोरड्या कडेला चिकटून राहतात, पुन्हा पाणी येईल म्हणून वाट बघत. कधी कधी मला त्यांचं कौतुकच वाटतं. एवढासा जीव, आणि केवढा तग धरतो! मग आपण का हटायचं? कुणी तोंडावर दार लावलं, तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा बेल वाजवायची.

आज भांडं उन्हात पालथं घातलेलं होतं. "तू यायच्या आत घासून ठेवलं," आजोबा ऐटीत म्हणाले.

"छान केलंत," मी म्हटलं, आणि भांडं सुलटं करून कडेवरून बोट फिरवलं.