भरिताची वांगी

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला, की मला माझा एक पक्षकार आठवतो. केळीच्या मळ्यातला मजूर. ट्रकनं उडवलं होतं, पायाचं हाड वाकडं जुळलेलं. जळगाव कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली बसून तो म्हणाला, "साहेब, डॉक्टर म्हणे लवकर ऑपरेशन केलं तर पाय सरळ होईन." मी म्हणालो, "भाऊ, बरा झालेला पाय जजला काय दाखवणार? भरपाईचा निकाल लागेपर्यंत थांबा." तो हसला आणि थांबला. निकालाला चार वर्षं लागली. डॉक्टरांनी साक्षीत इंग्रजीतून सांगितलं, आता उशीर झाला, हा पाय कधीच सरळ होणार नाही. त्या एका वाक्यावर मी केस जिंकलो. पक्षकाराला ते वाक्य कळलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात तो कुबडी टेकत ऑफिसात आला, पाठीवर भरिताच्या हिरव्या वांग्यांची गोणी. "साहेब, तुम्ही होते म्हणून झालं. आता करू ना ऑपरेशन?" मी गोणी आत घेतली आणि म्हणालो, "करा की." आज घरी भरीत होतं. मी दोनदा मागून घेतलं.