परक्या मोरीतलं पाणी

जर्मनीतल्या माझ्या मुलाने व्हिडिओ कॉलवर स्वतः तयार केलेला नवा नळ दाखवला. तिथल्या एका म्हातारीने कोपराने दांडी ढकलली आणि पाणी आलं. “बोटं आखडलेल्या बायकांसाठी केलाय, आई,” तो म्हणाला. मी “छान” म्हणाले खरी, पण त्या म्हातारीचा मला असा हेवा वाटला! आपल्या देशातली पोरं हुशार, हे ऐकून कान किटले. मग त्या हुशारीचं पाणी नेमकं परक्यांच्याच मोरीत का पडतं? माझी बोटं काय आखडत नाहीत?

फणफणतच स्वयंपाकघरात गेले. आमच्या जड नळाला मोडका कालथा सुतळीने बांधलेला आहे. शाळेत असताना त्यानेच बांधला होता, मला नळ फिरवायला सोपा जावा म्हणून. मी कोपराने कालथा ढकलला. पाणी आलं.

बाई गं, तुझा नळ चकचकीत असेल. पण पहिला माझा आहे.