सामायिक बांधावरचा मोह

बिरसी गावात आमच्या धानाच्या शेताला लागून शेजारणीचं शेत आहे, आणि मधल्या सामायिक बांधावर एक जुना मोह. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून बाकीचे लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. ही मात्र पहाटे खराट्याने झाडते, आमची बाजूसुद्धा. राहू दे म्हटलं, की विचारते, "काऊन? माहे हात झिजून रायले का?" अर्धी फुलं न चुकता माझ्या दारात येतात.

यंदा गावात कार्बनवाली कंपनी आली. बांधावर नवी रोपं लावली तर पैसे मिळणार होते. जुन्या झाडाचे काहीच नाही, उलट त्याची सावली रोपांना नडणार. मी हिशेबी बाई. तिला सरळ म्हटलं, "मोह तोडू."

ती भांडली नाही. सकाळी भरलेली टोपली माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाली, "पुरी तुमचीच, वहिनी. झाडच तोडाचं आहे, तं वाटे कायले कराचे?"

मी कंपनीच्या माणसाला दुसरा बांध दाखवला आणि दुसऱ्या पहाटे खराटा घेऊन मोहाखाली गेले. तिने माझं झाडणं उभ्याने पाहिलं.

"पानं राहून रायली, वहिनी," म्हणाली, आणि माझी बाजू पुन्हा झाडून काढली.