आईनं सांगितलेलं नाव

भूलशास्त्राच्या एमडीसाठी माझ्या मार्कांत दोनच हॉस्पिटलं बसत होती, दोन्ही एकाच रस्त्यावर, मधे जेमतेम दोन सिग्नल. कुठलं पहिल्या नंबरावर टाकायचं एवढाच प्रश्न. पण फॉर्म एकदा भरला की भरला, पुढची तीन वर्षं तिथंच. मला झोप लागेना. आणि म्हणे दुसऱ्यांना झोपवायला निघालेली बाई!

मी वहीत दोन रकाने आखले. नवं हॉस्पिटल चकाचक. मशीन नवी, होस्टेलला एसी, आणि तिथला ज्युनिअर छाती फुगवून म्हणाला, "दुसऱ्या महिन्यापासून आम्ही एकटे केस घेतो." मी खूश. जुन्या हॉस्पिटलात नळाला धड पाणी नाही आणि तिथली ज्युनिअर मुलगी रडकुंडीला आलेली. "वर्ष झालं तरी मॅडम बाजूला उभ्याच असतात गं! शिवाय पेशंट शुद्धीवर आला की त्याला नाव विचारायचं, आणि त्यानं सांगितलं की आपणच बाहेर जाऊन नातेवाइकांना कळवायचं. नर्सला पाठवलेलं चालत नाही."

हे काय डॉक्टरचं काम आहे? मी त्या रकान्यावर मोठी फुली मारली.

दोन्हीकडे बाबा माझ्याबरोबर आले होते. उरणकडच्या मिठागरात जन्म गेला त्यांचा, हॉस्पिटलातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. मी आत हिंडत होते तेव्हा ते ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून राहिले. परतताना पनवेल स्टँडसमोर चहाला थांबलो आणि मी त्यांना वही वाचून दाखवली. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"नव्या हॉस्पिटलात दारातून कोनी बाहेर आला का सगली मानसं उठायची. तो आपला मोबाईल बघत निघून जायचा. मंग परत बसायची. जुन्यात एक पोरगी आली, एका म्हाताऱ्याला बोलली, आजींनी नाव सांगितलं. तो म्हातारा रडलाच. मी पन."

"तुम्ही कशाला रडलात? तुमचं कोण होतं आत?"

"कोन नाय. पन बरा वाटला."

माझं डोकंच फिरलं. "तीन वर्षं मला काढायची आहेत, तुम्हाला नाही!" घरापर्यंत मी तोंड फुगवून बसले. फॉर्मात मात्र पहिल्या नंबरावर जुनंच टाकलं. खरं सांगते, त्या म्हाताऱ्यासाठी नाही. दुसऱ्या महिन्यात एकटीनं केस घ्यायची मला भीती वाटत होती, आणि ते कबूल करण्यापेक्षा बाबांवर ढकलणं सोपं होतं.

बाजूला उभ्या असणाऱ्या मॅडमवर मी वर्षभर कुरकुरले. मग एकदा मला श्वासाची नळी घशात बसवता येईना, पेशंटचा ऑक्सिजन उतरायला लागला आणि मॅडमचा हात माझ्या आधी तिथं पोचला. त्यानंतर कुरकुर बंद.

दुसऱ्या वर्षी आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, आमच्याच हॉस्पिटलात. मॅडम म्हणाल्या, "घरच्या माणसाला आपण भूल द्यायची नाही. आज मी देते, तू बाजूला उभी राहा. पण बाहेर तूच जायचं." सगळा वेळ मी मॉनिटरकडे बघत नुसती उभी होते. हातांचं काय करावं कळत नव्हतं.

आईनं डोळे उघडले. मी वाकून विचारलं, "आई, नाव सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात बाबांचं नाव घेतलं.

लग्न झाल्यापासून ही बाई ते नाव कधी बोलली नव्हती. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की मला पुढे करायची. मॅडम हसल्या, सिस्टर हसल्या, आणि मी हसता हसता मास्क भिजवून बसले.

दार उघडलं तर बाबा आधीच उभे.

"सांगितला नाव?"

"सांगितलं. तुमचं सांगितलं."

"माजा? बोलली?"

"मोठ्यानं बोलली. अख्ख्या थिएटरनं ऐकलं."

बाबा बाकावर बसले. खिशातला रुमाल काढला, तो हातातच राहिला.

"मंग मना आत ने," ते म्हणाले, "आनि परत विचार तिला. मना पन ऐकाचा हाय."