डावा कान

शिवकुमारच्या डाव्या कानानं नेमका कधी दगा दिला, हे त्याला सांगता आलं नसतं. होसकोट्याच्या कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेसजवळ त्याची सगळी उमेदीची वर्षं गेली. कानात बोळे घाला असं सांगत, पण बोळे घातले की फोरमनची हाक ऐकू येत नसे, म्हणून ते खिशातच राहत. पुढे तो सुपरवायझर झाला, आणि एकदा फोन डाव्या कानाला लावला तर पलीकडे कुणीच नाही. डॉक्टर म्हणाले, नस गेली आहे, परत येणार नाही, कानाला मशीन लावा. त्यानं मशीन आणलं आणि कपाटात सदऱ्यांच्या मागे सारून दिलं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला प्रेसजवळ ठेवत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्याच सुमारास त्याला इम्प्रॉव्हचा नाद लागला. कारखान्यातल्या मीटिंगमध्ये बोलताना घशाला कोरड पडते, म्हणून एका सहकाऱ्यानं त्याला इंदिरानगरला, एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर रविवारी भरणाऱ्या वर्गाला नेलं. तिथं लिहिलेलं नाटक नव्हतं. बघणाऱ्यांनी एखादा शब्द द्यायचा आणि दोघांनी तिथल्या तिथं प्रसंग उभा करून लोकांना हसवायचं. शिकवणारा रोशन त्याच्याहून बराच लहान. तो म्हणाला, "विनोद करायला जाऊ नका. समोरचा काय बोलला ते नीट ऐका. ऐकलंत की तुमचं वाक्य आपोआप येतं."

ऐकणं हीच तर शिवकुमारची अडचण होती. पण त्याच दिवशी तो मीटरवर यायला तयार नसलेला रिक्षावाला झाला आणि अख्खी खोली खदखदून हसली. चाळिशी उलटेपर्यंत त्याच्या बोलण्यावर असं कुणी हसलं नव्हतं. तो पुढच्या रविवारी गेला, आणि जातच राहिला.

त्याची जोडी बहुतेक वेळा भव्याशी जमे. ती मारतहळ्ळीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, बोलायला चुरचुरीत. एकदा प्रसंगात ती डाव्या बाजूनं म्हणाली, "डॉक्टर, आमचं मांजर जेवत नाही." शिवकुमारला ऐकू आलं, मंत्री जेवत नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "निवडणुका होऊ द्या, मग बघा कसे जेवतात." लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. शिवकुमार सरांचं डोकं भलतीकडेच चालतं, असं ग्रुपमध्ये कौतुकानं बोललं जाऊ लागलं.

त्या कौतुकाची त्याला धास्तीच वाटे. हशा पिकला की आज निभावलं, एवढंच त्याला कळे. मग त्यानं युक्त्या शोधल्या. तो रंगमंचाच्या डाव्या कडेला उभा राही, म्हणजे सगळे आपोआप उजवीकडे येत. बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवी. दिवे मंद झाले की मात्र ओठ दिसत नसत, आणि तेवढा वेळ तो जीव मुठीत धरून उभा असे.

एका संध्याकाळी प्रेक्षकांनी 'आनेकलची बस' असा प्रसंग दिला. शिवकुमार कंडक्टर झाला, भव्या खुर्चीवर चढून टपावरचं सामान उतरवू लागली. खुर्ची कलंडली आणि ती त्याच्या डाव्या अंगाला हातावर पडली. लोक हसले. तिनं काहीतरी म्हटलं. शिवकुमारला ते प्रसंगातलंच वाटलं. "बस थांबणार नाही, उठा," असं ओरडत त्यानं तिचा हात धरून तिला ओढलं. ती किंचाळली. हशा वाढला. हशा वाढला म्हणून त्यानं पुन्हा ओढलं.

रोशननं धावत येऊन त्याला बाजूला केलं, तेव्हा कुठे त्याला भव्याचा चेहरा दिसला. तो पांढराफटक पडला होता.

मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. दवाखान्याच्या बाकावर ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगितलं होतं, सर. खरंच लागलंय, थांबा. पुन्हा पुन्हा सांगितलं. तुम्हाला हशा सोडवला नाही का?"

शिवकुमार पेचात पडला. आता बोलावं, तर बहिरा ठरणार. गप्प बसावं, तर हशासाठी बाईमाणसाचा मोडका हात ओढणारा ठरणार. तो गप्प बसला.

घरी आल्यावर त्यानं बायकोला, रंजिताला, सगळं सांगितलं, फक्त कानाचं सोडून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, मी तुमच्या उजव्या अंगाला झोपायला लागले, ते का वाटलं तुम्हाला? कपाटातलं मशीनही बघितलंय मी. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते."

"कारखान्यात कळलं तर?"

"कळलं तर कळलं. त्या पोरीला आधी सांगा."

दुसऱ्या दिवशी तो मारतहळ्ळीला गेला. भव्या खाली गेटपाशी आली, हाताला प्लास्टर. त्यानं एका दमात सांगून टाकलं. तिला दया येईल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली.

"मग इतके दिवस मी कुणाच्या भरवशावर उड्या मारत होते? मला आता तुमच्याबरोबर उभं राहायची भीती वाटते, सर."

"मलाही वाटते," तो म्हणाला. ती वळून वर निघून गेली.

हे कळल्यावरही रोशननं त्याला वर्गातून काढलं नाही. खांद्यावर दोन थापा म्हणजे खेळ खरोखर थांबवायचा, असा नियम मात्र त्यानं सगळ्यांसाठी केला. शिवकुमारनं मशीन लावलं. कारखान्यात महिनाभर चौकशी चालली आणि अखेर त्याला प्रेसवरून हलवून मालाच्या तपासणीला बसवलं. रंगमंचावर तर नवीनच धास्ती. मशीनमधून पंखा घरघरे, खुर्च्या कर्कश वाजत, आणि हशा टिनाच्या पत्र्यांसारखा कोसळे. त्या गलक्यात माणसाचं बोलणं वेचायला त्याला नव्यानं शिकावं लागलं. एकदा ते जमेना, तेव्हा भर प्रयोगात तो म्हणाला, "मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा." समोरच्यानं वाक्य पुन्हा म्हटलं आणि प्रसंग पुढे गेला. फारसं कुणी हसलं नाही, पण कुणाला लागलंही नाही.

भव्या परत आली ती प्लास्टर निघून बरेच दिवस झाल्यावर. पहिले काही रविवार ती दुसऱ्यांबरोबरच खेळली. मग एका प्रयोगाआधी, पडद्यामागे, ती स्वतःहून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तो कानातलं मशीन नीट बसवत होता.

"ऐकू येतंय का?" तिनं विचारलं.

"स्वल्प," तो म्हणाला.

"सरी, ठीक आहे. मी मोठ्यानं बोलेन."

रोशननं त्यांची नावं पुकारली.