पटेल असं भांडण

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या हिरड्यांची मापं, म्हणजे ठसे, येतात आणि मी त्यांत प्लास्टर ओतून साचे काढतो. त्या साच्यांवर मेणाच्या हिरड्या चढवून एकेक दात बसवायचं काम मेणबाईचं. मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक आलं की कवळी चाकावर घासून चकचकीत करायचं काम पॉलिशताईचं. दोघी मला मामा म्हणतात. मी कोणाचाच मामा नाही, पण सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला काहीतरी म्हणावंच लागतं.

ही हकीकत मेणबाईची. बाई कामाला सोन्यासारखी आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तिच्याबद्दल चांगलं बोलायची वेळ फारशी येणार नाही. समोरचा एखादा दात ती मुद्दाम किंचित तिरका बसवायची. सगळे दात सरळ रांगेत उभे केले की कवळी कवळीच दिसते, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. घरी मात्र तिला कोणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. लग्न झालेलं नाही, भावाच्या घरातली मागची खोली, तीही वहिनीच्या जुन्या कपाटासोबत वाटून घेतलेली. पाहुणे आले की वहिनी ओळख करून द्यायची आणि पाहुणे मान हलवून टीव्हीकडे बघायला लागायचे. अशा बाईच्या म्हणाव्यात अशा जगात दोनच गोष्टी होत्या. एक पॉलिशताई आणि दुसरी बोट.

बोट म्हणजे टीव्हीवरची मालिका. मालवाहू बोटीवरचे दोन मित्र, एक कप्तान आणि एक इंजिनवाला, आणि त्यांचे बंदराबंदरातले उद्योग. बघणारे कमी झाले म्हणून मालिका मध्येच बंद पडली. पण चाहते काही ऐकेनात. त्यांनी एका ॲपवर पुढचे भाग स्वतःच लिहायला घेतले. पात्रं मालिकेतली, गोष्ट आपली. याला फॅन फिक्शन म्हणतात हे मला मेणबाईनेच सांगितलं, आणि माझ्या फोनमध्ये ते ॲपही तिनेच घालून दिलं. मी वाचलं नाही तर चहा करताना माझ्या कपात साखर घालायची विसरायची.

तिचे सुरुवातीचे भाग इतके मिळमिळीत होते की सांगता सोय नाही. कप्तान इंजिनवाल्याला म्हणायचा, तू माझा जिवलग मित्र आहेस. इंजिनवाला म्हणायचा, तूही माझा. मग ते भांडायचे, म्हणजे एकमेकांवर फार रागावलो आहोत असं एकमेकांना सांगायचे, आणि पानाच्या शेवटी मिठी मारायचे. खाली एखाद्याने लिहिलेलं असायचं, की ताई, मैत्री तुम्ही सांगता, ती दिसत नाही, आणि हे भांडण तर शाळेच्या स्नेहसंमेलनातलं वाटतं. ते वाचलं की मेणबाई दिवसभर कोणाशी बोलायची नाही. मेणात दात मात्र जास्तच जोर लावून दाबायची.

मग एकदा तिचं आणि पॉलिशताईचं खरोखरच वाजलं. पॉलिश करताना एका कवळीचा समोरचा दात निखळून उडाला. पॉलिशताई म्हणाली मेणातच नीट बसला नव्हता, मेणबाई म्हणाली तू चाकावर धरलंसच वेड्यासारखं. तिथून गाडी घसरली ती थेट मागच्या पाच-सहा वर्षांवर. कोण कोणाला न सांगता सुट्टीवर गेलं, कोणी मालकासमोर कोणाची बाजू घेतली नाही, सगळं निघालं. संध्याकाळी दोघी नेहमीसारख्या एकाच बसने गेल्या. आणि पुढच्या भागात कप्तान आणि इंजिनवाला एका तुटलेल्या झडपेवरून भांडले, शब्द न शब्द तेच. लोक वेडे झाले. आता पटतंय, असं लिहिलं त्यांनी. जुने मित्र असेच भांडतात, एका झडपेवरून सुरू होतं आणि सगळी वर्षं बाहेर येतात, असं कोणीतरी लिहिलं. मेणबाईने मला ते तीनदा वाचून दाखवलं.

इथून तिला चटक लागली. नवा भाग लिहायचा झाला की ती पॉलिशताईची खोडी काढायची. आज काय तर तुझा मास्क माझ्या टेबलावर का, उद्या काय तर तू माझ्या मागे वहिनीशी फोनवर बोलतेस. पॉलिशताई साधी बाई, पण नाकावर माशी बसू न देणारी. तीही उत्तराला प्रत्युत्तर द्यायची आणि चांगलं झणझणीत द्यायची. मी प्लास्टर कालवत दोघींकडे बघायचो. मेणबाई भांडता भांडता मध्येच गप्प व्हायची आणि तिचे ओठ हलायचे. पाठ करत असायची.

मी तिला एकदा चहाच्या वेळी सरळ सांगितलं की हा धंदा बरा नाही, माणूस म्हणजे काही तुझ्या मापाचा साचा नाही. ती हसली. म्हणाली, मामा, मी तिच्याशी वाईट वागत नाही, भांडण झाल्यावर लगेच गोड होते की नाही? आणि खरंच व्हायची. डब्यातलं निम्मं उचलून तिच्या डब्यात टाकायची. मला त्याचाच जास्त राग यायचा.

पण रोजच्या कुरबुरींना किती दिवस चव राहणार? वाचणाऱ्यांची भूक वाढली. आता काहीतरी खोल होऊ द्या, असं ते लिहायला लागले, इंजिनवाल्याला खरंच लागेल असं काहीतरी. मेणबाई विचारात पडली. पॉलिशताईला काय लागेल हे तिला चांगलं माहीत होतं.

पॉलिशताईची आई अंथरुणाला खिळलेली होती. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती घरी एकटी असताना पलंगावरून पडली आणि त्यातच गेली. त्या दुपारी तिने लेकीला फोन केला होता. चाक चालू होतं, हात ओले होते, पॉलिशताईने कोपराने फोन बंद केला. हे मला नंतर कळलं, आणि मला कळायलाच नको होतं. तिने ते जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

त्या दिवशी भांडण सुरू झालं ते घाईच्या कामावरून. मेणबाई म्हणाली, तू कोणाच्या हाकेला कधी ओ देत नाहीस, आपलं मशीन बरं आणि आपण बरे. पॉलिशताई म्हणाली, कधी दिली नाही ओ, सांग. तेव्हा मेणबाईने हातातली सुरी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, मेण उचललं आणि मान वर न करता म्हणाली, "आई फोन करत होती तेव्हाही मशीनच चालवत होतीस ना?"

पॉलिशताईने चाक बंद केलं. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला. तिच्या तोंडावर सगळी पांढरी पूड होती, चष्म्याच्या जागी तेवढी कातडी दिसत होती.

"हे मी फक्त तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

मग तिने चष्मा खाली घेतला आणि चाक पुन्हा सुरू केलं. माझ्या हातातलं प्लास्टर वाटीतच घट्ट झालं, फेकून द्यावं लागलं. मेणबाईकडे बघितलं तर तिचा रंग उडालेला होता, हे मी नाकारत नाही. पण तिचे ओठ हलत होते.

भाग आठवडाभरात आला. इंजिनवाल्याचा बाप मरताना वायरलेसवरून हाक मारत होता आणि इंजिनाच्या आवाजात त्याने ती घेतली नव्हती, आणि कप्तानाने ते त्याच्या तोंडावर फेकलं. इंजिनवाला एवढंच म्हणाला, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. त्या ॲपवर तो भाग सगळ्यात जास्त वाचला गेला. लोकांनी लिहिलं की आम्ही रडलो, की कप्तानाचा गळा दाबावासा वाटला, की इतकी खरी मैत्री आणि इतकं खरं भांडण कुठे वाचलंच नाही. मला विचाराल तर गळा दाबायची कल्पना वाईट नव्हती.

पॉलिशताईने आपलं टेबल खिडकीकडे हलवून घेतलं, उजेड हवा म्हणून. जेवायला ती हिशेबवाल्या बाईंबरोबर बसायला लागली. कामाचं बोलायची, तेही मालकाशी बोलावं तसं. मेणबाई एकटी जेवायची. डबा उघडायची, त्यातलं निम्मं सवयीने बाजूला काढायची आणि मग तेही स्वतःच खायची. बस तीच होती, पण पॉलिशताई पुढच्या दाराने चढायला लागली. तेव्हा कुठे मेणबाईच्या ध्यानात आलं. भावाच्या घरी तर तिच्याशी कोणी बोलत नव्हतंच, आता लॅबमध्येही नाही.

तिकडे वाचणारे दिलजमाईची वाट बघत होते. तिने मनाने एक दिलजमाई लिहिली. वादळ आलं, कप्तानाने इंजिनवाल्याला वाचवलं, मिठी. लोकांनी ती पार धुडकावून लावली. एवढं बोलल्यावर वादळाने भागत नाही, असं लिहिलं. तिने तो भाग काढून टाकला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, मामा, मला तिची माफी मागायची आहे. मी विचारलं, तुझ्यासाठी की बोटीसाठी? म्हणाली, खरं सांगू, मला आता वेगळं करता येत नाही. तेवढ्यापुरती मला तिची दया आली.

माफी तिने जेवणाच्या सुट्टीत मागितली, माझ्या देखत. रडत होती आणि ते रडणं खोटं नव्हतं. पॉलिशताईने तिचा हात हातात घेतला, पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "रागाच्या भरात जातं माणसाच्या तोंडून. मी मनात काही ठेवलेलं नाही. आई असती ना, तर तीच म्हणाली असती, मैत्रीण आहे तुझी, सोडून दे."

मलाही भरून आलं. त्या दुपारी दोघी एकाच टेबलावर जेवल्या. पुढच्या दाराने चढणं बंद झालं, टेबल पुन्हा जागेवर आलं. मेणबाई इतकी हलकी झाली की काम करताना गुणगुणायला लागली. आणि शेवटचा भाग लिहिला. अर्थात लिहिला. कप्तानाचं रडणं, इंजिनवाल्याचा पाठीवरचा हात आणि ते शब्द, आईच्या जागी बाप एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी ती फोन उघडा धरूनच माझ्याकडे आली. लोकांनी भाग झिडकारला होता. एकाने सविस्तर लिहिलं होतं. इंजिनवाल्याने माफ केलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. ज्याच्या बापावरून बोललं गेलं तो बापाचंच नाव घेऊन इतक्या सहज माफी देत नाही. तो आधी चिडेल, शिव्या घालेल, दार आपटेल. हा फक्त कप्तानाला गप्प करतोय. हे भांडण मिटलेलं नाही, हे नातं संपलेलं आहे, आणि लेखिकेला ते कळलेलं दिसत नाही.

"मामा," मेणबाई म्हणाली, "मी यातला एकही शब्द बदललेला नाही."

मी प्लास्टरच्या वाटीत पाणी घातलं.

जेवताना ती पॉलिशताईसमोर बसली. डबा उघडलाच नाही. विचारलं, तू मला माफ केलंस ना? पॉलिशताई म्हणाली, केलं म्हणाले ना. मेणबाईने पुन्हा विचारलं, मनापासून? पॉलिशताईने घास संपवला, पाणी प्यायली, रुमालाने तोंड पुसलं.

"का गं? लोकांना पटलं नाही का?"

मेणबाई म्हणाली, "तू वाचतेस?"

"पहिल्या भागापासून. तुला कोणी वाचत नव्हतं तेव्हा मीच तर वाचत होते." तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "तू मुद्दाम भांडतेस हे मला झडपेच्या नंतर लगेच कळलं. म्हटलं, भांडू दे. हिच्याजवळ दुसरं आहे काय? म्हणून मीही भांडत होते, तुला लिहायला मिळावं म्हणून. तेवढं सगळं मी तुला दिलं. आईचं दिलं नव्हतं."

"मग परवा जे बोललीस ते?"

"तुला शेवट हवा होता ना? दिला."

मेणबाई ओक्साबोक्शी रडायला लागली. पाय धरते म्हणाली, सगळं काढून टाकते म्हणाली, मला मार, शिव्या दे म्हणाली. पॉलिशताईने तिला पाणी दिलं. अगं रडतेस काय, मी रागावलेलीच नाही, असं म्हणाली, आणि तिच्या डब्याचं झाकण उघडून डबा तिच्यापुढे सरकवला.

मेणबाईने बोट खरोखरच ॲपवरून काढून टाकली, पहिल्या भागापासून. आता ती अधूनमधून पॉलिशताईची कुरापत काढते, पण लिहिण्यासाठी नाही. एकदा तिने तिचं नवं कापडी चाक मुद्दाम फाडलं. एकदा मालकासमोर तिच्या पॉलिशला नावं ठेवली. मी बघत होतो, ती पॉलिशताईच्या चेहऱ्याकडे नुसती आशेने बघत होती. पॉलिशताई म्हणाली, हो गं, माझंच चुकलं असेल, आणि दुसरं चाक लावून कामाला लागली.

दोघी अजूनही शेजारी बसतात, एकत्र जेवतात, एकाच बसने जातात. लॅबमध्ये नवीन कोणी आलं की हिशेबवाल्या बाई त्यांच्याकडे बोट दाखवून कौतुकाने सांगतात, की मैत्री असावी तर अशी, इतकी वर्षं झाली, या दोघींचं आता कधी भांडण म्हणून होत नाही.